एक तार, अनेक वाडे

पेडणे तालुक्याच्या दक्षिण अंगाला, शापोरा नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, नदीच्या उत्तर तीरावर मोरजी हे गाव वसले आहे. मोरजाई देवीचे हे गाव. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांमुळे आणि किनाऱ्यावर उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांमुळे त्याचे नाव आता दूरवर जाऊन पोहोचले आहे. परंतु कोणतेही गोमंतकीय गाव ज्याने जवळून पाहिले आहे त्याला ठाऊक असते की, गाव एक असले तरी त्याचे वाडे अनेक असतात. टेंबवाडा, विठ्ठलदासवाडा, गावडेवाडा अशी मोरजीच्या वाड्यांची नावे आहेत. वाट एक, पंचायत एक, जत्रा एक. पण प्रत्येक वाड्याचा रामरगाडा वेगळा. एका वाड्यावरची घरगुती बोलणी दुसऱ्या वाड्यावर ऐकू जाऊ नयेत, आणि तरीही सर्वांनी एकाच वाटेने ये-जा करावी, अशी ही जुनी व्यवस्था होय.

हा वाड्यांचा विचार आज एका निराळ्याच वस्तूच्या संदर्भात करावयाचा आहे. ही वस्तू म्हणजे पंचायतीच्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात, बँकेत, एखाद्या कोपऱ्यातील कपाटात हिरवे दिवे लुकलुकवीत बसलेली एक चपटी पेटी. तिला ‘स्विच’ असे म्हणतात. अनेक संगणकांच्या तारा तिच्यात येऊन मिळतात. त्या पेटीच्या पोटात, डोळ्यांना न दिसणारे वाडे आखलेले असतात. तारा न तोडता, भिंती न बांधता, एकाच पेटीत अनेक वेगवेगळी जाळी नांदविण्याच्या या युक्तीला ‘व्हर्च्युअल लोकल एरिया नेटवर्क’, म्हणजेच आभासी स्थानिक जाळे, आणि थोडक्यात ‘व्हीलॅन’ असे नाव आहे. ही युक्ती कशी निघाली, कोणी काढली, आणि तिच्या किल्ल्या कोणाच्या हाती असाव्यात, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच; पण ज्या ज्या गावात सरकारी कारभार तारेवरून चालतो, त्या त्या गावाने तो समजून घेण्यासारखाही आहे.

गोमंतकाला असल्या न दिसणाऱ्या सीमांचा अनुभव नवा नाही. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ साली. त्या आधीची दोनअडीचशे वर्षे पोर्तुगीज सत्ता तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी येथे रुजलेली होती. त्या झाल्या जुन्या काबिजादी. पेडणे, डिचोली, सत्तरी वगैरे झाल्या नव्या काबिजादी. सरकार एक, राजधानी एक, नाणे एक. पण जुन्या काबिजादींत जे नियम चालत ते सारेच्या सारे नव्या काबिजादींत चालत नसत. नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रूढी आणि रीतिरिवाज यांचा एक स्वतंत्र कायदेसंग्रह १८५३ साली सरकारनेच प्रसिद्ध केला होता. शिवोलीहून होडीने शापोरा ओलांडून पलीकडे आलेल्या माणसाला पायाखालची माती बदललेली दिसत नसे. पण त्याला लागू होणारी रीत मात्र बदललेली असे. सीमा जमिनीवर नव्हती, दप्तरात होती. स्विचमधील वाडेही नेमके असेच दप्तरात आखलेले असतात.

आता मूळ कथेकडे वळू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे एक संशोधन केंद्र होते. तेथील रॉबर्ट मेटकाफ या तरुण संशोधकाने २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले. कचेरीतील सगळे संगणक एकाच जाड तारेला जोडावेत आणि त्यांनी त्या तारेवरून एकमेकांशी बोलावे, अशी ती कल्पना होती. प्रकाश ज्या सर्वव्यापी द्रव्यातून वाहतो असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानीत, त्या ‘ईथर’वरून त्याने या योजनेला ‘ईथरनेट’ असे नाव दिले. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्यासह त्याने ती प्रत्यक्षात आणली. हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बिनतारी लहरींवरून संगणक जोडणारे ‘अलोहा’ नावाचे जाळे चालू केले होते. त्याचा आधार या कल्पनेला होता.

या रचनेचा नियम साधा होता. ज्याला बोलावयाचे असेल त्याने आधी कानोसा घ्यावा. कोणी बोलत नसेल तर बोलावे. दोघे एकदमच बोलू लागले तर दोघांनीही थांबावे, आणि प्रत्येकाने आपापल्या दैवयोगाने ठरलेला थोडा वेळ वाट पाहून पुन्हा प्रयत्न करावा. चारचौघांच्या सभेत सुसंस्कृत माणसे जसे वागतात तसेच हे झाले. मात्र या सभेत एक गोष्ट अटळ होती. एकाने दुसऱ्याला सांगितलेले प्रत्येक वाक्य सर्वांच्या कानी पडे. ज्याच्यासाठी ते नसेल त्याने ते सोडून द्यावे, एवढाच संकेत होता. म्हणजे सगळा भार ऐकणाऱ्याच्या सज्जनपणावर होता.

पाचपन्नास यंत्रे असेपर्यंत हे निभावले. पुढे यंत्रे वाढली, गलका वाढला. तेव्हा १९८० नंतरच्या दशकात ‘ब्रिज’ म्हणजे पूल या नावाचे उपकरण पुढे आले. दोन तारांच्या मध्ये बसून कोणते यंत्र कोणत्या बाजूला आहे हे ते लक्षात ठेवी. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच ४८ अंशांचा एक पत्ता मिळालेला असतो. गावात नवा आलेला टपालवाला जसा येणाऱ्या पत्रांवरून कोण कोठे राहतो हे शिकत जातो, तसे हे उपकरण येणाऱ्या संदेशांवरून पत्ते शिकत असे आणि पलीकडे न जाणारे पत्र पलीकडे पाठवीत नसे.

परंतु पूल वाढले तसा एक नवाच धोका उभा राहिला. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास दोन वाटा असल्या, तर काही संदेश वर्तुळात फिरत राहत आणि वाढत वाढत सारे जाळे बुडवून टाकीत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतील रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली यावर उपाय शोधला. पुलांनी आपापसांत बोलून एक मूळ निवडावे, त्या मुळापासून फांद्या फुटलेल्या झाडासारखी वाट ठरवावी, आणि उरलेल्या वाटा तूर्त मिटून ठेवाव्यात. एखादी फांदी तुटलीच तर मिटलेली वाट उघडावी. या रीतीला ‘स्पॅनिंग ट्री’ म्हणतात. आजही जगातील असंख्य पेट्यांतून हीच रीत किंवा तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काम करीत आहेत.

झाडाच्या या कल्पनेतूनच वाड्यांची कल्पना निघाली, आणि तीही वेगळ्याच कारणाने, ही यातील मौजेची गोष्ट होय. बेलकोर ही अमेरिकेतील टेलिफोन कंपन्यांची संशोधनसंस्था. तेथे डेव्हिड सिंकॉस्की हे शास्त्रज्ञ ईथरनेटची फार मोठी जाळी कशी बांधता येतील याचा अभ्यास करीत होते. त्यांच्या ध्यानी आले की, झाड एकच असले म्हणजे सगळी रहदारी मुळापाशी गोळा होते आणि तेथेच कोंडते. मग झाडे अनेक का असू नयेत? प्रत्येक संदेशावर एक खूण करावी. खुणेला रंग म्हणा. तांबड्या खुणेचे संदेश तांबड्या झाडावरून जातील, हिरव्या खुणेचे हिरव्या झाडावरून. तारा त्याच, पण झाडे वेगळी. चेस कॉटन यांच्यासह सिंकॉस्की यांनी हे विचार १९८८ साली एका निबंधात मांडले. हेतू होता रहदारीची कोंडी फोडण्याचा. तांबड्याचे हिरव्याला ऐकू येत नाही, हा त्या कोंडी फोडण्याचा केवळ एक परिणाम होता. पुढे तोच मुख्य उपयोग ठरला.

यानंतर पुलाची जागा स्विचने घेतली, आणि येथे एक भारतीय नाव येते. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने कॅलिफोर्नियात १९८७ साली एक कंपनी काढली आणि तिला आपल्या पत्नीचे नाव दिले. ते नाव ‘कल्पना’. या कंपनीने १९९० साली सात तोंडांचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. तो या जातीचा पहिला स्विच मानला जातो. आता सगळ्यांनी एका तारेवर ओरडण्याचे कारण उरले नाही. प्रत्येक यंत्राला पेटीचे स्वतःचे एक तोंड, म्हणजे ‘पोर्ट’, मिळाले, आणि एकाच वेळी अनेक जोड्या आपापसांत बोलू लागल्या. १९९४ साली सिस्को या कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली. मराठी वाचकाला या नावात दुहेरी अर्थ दिसल्याशिवाय राहणार नाही.

तरीही एक अडचण शिल्लक होती, ती दवंडीची. स्विच पत्र योग्य घरी पोहोचवतो हे खरे. पण काही संदेश मुळातच सर्वांना उद्देशून असतात. ‘अमुक पत्त्याचे यंत्र कोणाचे, त्याने हाक द्यावी,’ अशा दवंड्या संगणक सतत पिटीत असतात. दवंडी ऐकू येईल तेवढा टापू म्हणजे एक जाळे, अशी व्याख्या करण्यास हरकत नाही. हजारो यंत्रांचा एकच टापू असला की दवंड्यांचाच गदारोळ होतो. शिवाय ज्याने दवंडी ऐकली त्याला दवंडीला खोटे उत्तर देऊन दुसऱ्याची पत्रे आपल्याकडे वळविताही येतात. म्हणून टापू लहान करणे अवश्य झाले. प्रत्येक टापूला वेगळी पेटी घ्यावी तर खर्च फार. मग एकाच पेटीची तोंडे वेगवेगळ्या वाड्यांत वाटून द्यावी, हे ओघानेच आले.

आरंभी प्रत्येक कंपनीने आपापली खूण वापरली, आणि एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या पेटीची खूण ओळखीना. १९९८ साली विद्युत् अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आय-ट्रिपल-ईने, ‘८०२.१ क्यू’ या नावाचे प्रमाण प्रसिद्ध केले तेव्हा हा गोंधळ मिटला. त्यात ठरले ते असे. प्रत्येक संदेशाच्या कपाळी चार बाइटांचा एक शिक्का मारावा. त्यातील बारा अंश वाड्याच्या क्रमांकासाठी असावेत. बारा अंशांत ४०९६ आकडे बसतात. त्यांतील पहिला आणि शेवटचा राखून ठेवलेला असल्यामुळे ४०९४ वाडे उरतात. त्याच शिक्क्यातील तीन अंश प्राधान्यासाठी ठेवावेत, म्हणजे शून्यापासून सातापर्यंत आठ पायऱ्या होतात. कोणता संदेश आधी जाईल आणि कोणता मागे थांबेल हे त्यावरून ठरते. या तीन अंशांकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

ही मांडणी प्रत्यक्षात कशी करतात हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या गावात पंचायतीची कचेरी, शाळा आणि पाहुण्यांसाठी मोफत वायफाय हे तिन्ही एकाच तारेवर आहेत. जाळे सांभाळणारा माणूस स्विचमध्ये प्रथम वाडे जाहीर करतो: १० क्रमांकाचा वाडा कचेरीचा, २० शाळेचा, ३० पाहुण्यांचा. मग तो एकेक पोर्ट घेऊन ते कोणत्या वाड्याचे हे सांगतो. ज्या पोर्टाला एकच संगणक लागतो त्यास ‘ॲक्सेस’ पोर्ट म्हणतात. त्या संगणकाला शिक्क्याची वार्ताही नसते. संदेश पेटीत शिरताना शिक्का बसतो आणि बाहेर पडताना पुसला जातो. दोन पेट्यांना जोडणारा जो पोर्ट असतो त्यास ‘ट्रंक’ म्हणतात. तो हमरस्ता होय. तेथून सर्व वाड्यांची पत्रे शिक्क्यासह जातात, आणि पलीकडची पेटी शिक्का पाहून ती आपापल्या वाड्यात सोडते. एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात सरळ वाट नसते. तशी गरज पडलीच तर ‘राउटर’ नावाच्या वेशीतून जावे लागते, आणि वेशीवर कोणी कोणाकडे जावे याचे नियम लिहिता येतात. शाळेतील मुलाला पंचायतीची सूचना वाचता यावी, पण घरपट्टीची वही उघडता येऊ नये, असा नियम तेथेच बसतो.

येथवर ऐकून असे वाटेल की, वाडे आखले म्हणजे काम झाले. तसे नाही. वाडा म्हणजे भिंत आहे, कुलूप नाही. ज्याला स्विचच्या पोटात शिरून मांडणी बदलता येते त्याला सगळेच वाडे मोकळे असतात. म्हणून स्विचची व्यवस्था पाहण्याची वाट, म्हणजे ‘मॅनेजमेंट’, हा या विषयाचा खरा गाभा आहे.

पूर्वी स्विचशी बोलावयाचे तर एक विशेष तार घेऊन त्याच्यापाशी जावे लागे. पुढे दुरून बोलण्यासाठी ‘टेलनेट’ ही रीत वापरात आली. तिच्यात परवलीचा शब्द तारेवरून उघड्या अक्षरांत जाई; वाटेत कोणी कानोसा घेतला की किल्ली त्याच्या हाती. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असाच परवलीच्या शब्दांच्या चोरीचा प्रकार घडला, तेव्हा तेथील संशोधक तातू इलोनेन यांनी १९९५ साली ‘एसएसएच’ ही गुप्तलिपीतून बोलण्याची रीत तयार केली. यंत्रांची प्रकृती दुरून विचारण्यासाठी १९८८ साली ‘एसएनएमपी’ हा संकेत निघाला होता. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द म्हणून ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ असे दोन शब्द कारखान्यातूनच घालून येत असत, आणि ते बदलावयाचे असतात हे अनेकांच्या गावीही नसे. दाराला कुलूप आहे, पण सगळ्या गावात एकच किल्ली विकली जाते, अशातला तो प्रकार.

या अनुभवांतून जी शिस्त तयार झाली तिचे नियम थोडे आहेत. व्यवस्थेसाठी स्वतंत्र वाडा असावा, आणि त्यात फक्त जाळे सांभाळणाऱ्याचेच यंत्र जावे. बहुतेक स्विच कारखान्यातून येतात तेव्हा त्यांचे सगळे पोर्ट १ क्रमांकाच्या वाड्यात असतात. कारभार त्याच वाड्यात चालू ठेवू नये. रिकामे पोर्ट बंद करून ठेवावेत, कारण उघडा पोर्ट म्हणजे उघडी खिडकी. टेलनेट बंद करून एसएसएच ठेवावे. कारखान्यातील परवलीचे शब्द पहिल्याच दिवशी बदलावेत. आणि केलेली मांडणी जतन करून तिची एक प्रत अन्यत्र ठेवावी. अनेक स्विचमध्ये चालू मांडणी ही चंचल स्मृतीत असते. ती मुद्दाम जतन केली नाही तर वीज जाताच पुसली जाते. कोकण-गोमंतकातील पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगावयास नको. दिवसभर खपून केलेले काम एका विजेच्या झटक्यात जाते, आणि दुसऱ्या दिवशी कचेरी उघडते तेव्हा सगळे वाडे एक झालेले असतात किंवा कोणालाच काही लागत नाही.

या नियमांकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याची उदाहरणे जगाने पाहिली आहेत. बॉस्टन येथील बेथ इस्रायल डिकनेस हे नामांकित रुग्णालय. १३ नोव्हेंबर २००२ रोजी त्याचे जाळे मंदावत मंदावत ठप्प झाले. जाळे वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी वाढले होते, आणि स्पॅनिंग ट्रीला झेपतील त्याहून अधिक पेट्या एकापुढे एक जोडल्या गेल्या होत्या. संशोधनाच्या माहितीचा मोठा लोंढा आला आणि सारे झाड कोसळले. पुरते चार दिवस तेथील कारभार कागद-पेन्सिलीवर चालवावा लागला. हाताने औषधपत्र लिहिण्याची सवय नसलेल्या तरुण डॉक्टरांना जुन्या मंडळींनी ते शिकविले. जाळ्याचे वेगळे वाडे असते आणि त्यांच्यामध्ये वेशी असत्या, तर एका कोपऱ्यातील लोंढा त्याच कोपऱ्यात थांबला असता.

दुसरे उदाहरण २०१३ सालचे. टार्गेट ही अमेरिकेतील दुकानांची मोठी साखळी. तिच्या शीतकरण आणि वातानुकूलनाचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या परवलीच्या खुणा चोरून चोर आत शिरले, आणि तेथून वाट काढीत थेट गल्ल्यावरच्या यंत्रांपर्यंत पोहोचले. सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती गेली. कंत्राटदाराचा वाडा आणि गल्ल्याचा वाडा यांमधील वेस पुरेशी पक्की नव्हती, असा त्याचा अर्थ. परसात विहीर उपसायला आलेल्या माणसाला माजघरातील तिजोरीपर्यंत वाट असावी, तसे हे झाले.

पण तिसरे उदाहरण सर्वांत विचार करावयास लावणारे आहे, कारण त्यात चोर नव्हता. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या कारभारासाठी ‘फायबरवॅन’ नावाचे तंतूंचे जाळे होते. टेरी चाइल्ड्स हा पालिकेचा नोकर ते सांभाळी. कामात निष्णात, पण इतर कोणाच्या कौशल्यावर त्याचा विश्वास नव्हता. हळूहळू सगळ्या स्विच आणि राउटरांच्या किल्ल्या त्याच्या एकट्याच्या डोक्यात राहिल्या. वरिष्ठांनी त्या मागितल्या तेव्हा त्याने दिल्या नाहीत. जुलै २००८ मध्ये त्यास अटक झाली. जाळे चालूच होते, पण कोणाला त्यात हात घालता येईना. शेवटी त्याने कोठडीत भेटीस आलेल्या महापौर गॅविन न्यूसम यांच्याकडे परवलीचे शब्द दिले. २०१० साली न्यायालयाने त्यास दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा दिली. आपण जाळ्याचे रक्षणच करीत होतो, अशी त्याची बाजू होती. ती प्रामाणिक असेलही. पण सार्वजनिक जाळ्याची किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात असणे, हे किल्ली नसण्याइतकेच धोक्याचे आहे, हे त्या शहराला फार उशिरा कळले. देवळाच्या भांडाराला अनेक ठिकाणी दोन-तीन कुलपे आणि वेगवेगळ्या महाजनांकडे एकेक किल्ली ही पद्धत आहे. आपल्या पूर्वजांना स्विच ठाऊक नव्हता; माणसाचा स्वभाव मात्र चांगला ठाऊक होता.

आता हा प्रवाह आपल्या भागाकडे कसा आला हे पाहू. खेड्यापाड्यांत यंत्राने जोडणी करण्याचे काम आधी टेलिफोनने केले. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी १२८ तारांचे लहान स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले. ते वातानुकूलनावाचून धूळ आणि उन्हाळा सोसून चाले. त्यातले पहिले १९८६ साली बसले ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे, म्हणजे गोमंतकाच्या शेजारीच. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे गोवा शासनाने ‘गोवा ब्रॉडबँड नेटवर्क’ ही योजना हाती घेतली. राज्याचे मुख्यालय, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत असे तिचे थर आखलेले होते, आणि बांधणी व चालविण्याचे काम युनायटेड टेलिकॉम्स या खासगी कंपनीस देण्यात आले होते. २०११ साली केंद्र सरकारने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना तंतूंनी जोडण्याच्या योजनेस मंजुरी दिली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या सगळ्या योजनांत एक समान सूत्र आहे. खेड्यात प्रत्येक खात्याची निराळी तार नेणे परवडत नाही. तार एकच जाते, आणि तिच्यावर अनेक खाती आपापले वाडे मांडून बसतात. म्हणजे तार टाकण्याने काम अर्धेच होते. उरलेले अर्धे काम वाडे आखण्याचे. तार टाकताना समारंभ होतो, नारळ फुटतो, छायाचित्र निघते. वाडे आखताना कोणीच हजर नसते. एक माणूस रात्री पेटीपाशी बसून आज्ञा लिहीत असतो. आणि पुढे दहा वर्षे त्या रात्रीच्या कामावर गाव चालते.

पेडण्यासारख्या तालुक्यात ही गोष्ट साधी नव्हे. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये चालू झाला. किनाऱ्याकडच्या आणि आतल्याही जमिनींना भाव आले. एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, कूळ कोण, मुंडकार कोण, यावर पिढ्यांची भाकरी अवलंबून असते. असली दप्तरे ज्या यंत्रांतून पाहिली आणि हाताळली जातात, ती यंत्रे ज्या जाळ्यावर आहेत, त्या जाळ्याचे वाडे पक्के असणे हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न उरत नाही. पाहुणा किनाऱ्यावर बसून मोफत वायफाय वापरतो यात काही वावगे नाही. पण त्याचा वाडा आणि दप्तराचा वाडा यांमध्ये वेस आहे ना, आणि ती कोणी तपासली, हे विचारण्याचा हक्क गावकऱ्याला आहे.

आणि येथे त्या शिक्क्यातील तीन अंशांची आठवण करावी लागते. वाडे नेहमीच न्याय्य असतात असे नाही, हे आपल्या समाजाहून अधिक कोणाला ठाऊक असणार? गावातील वाड्यांनी माणसांना शेजार दिला, तसेच काहींना विहिरीपासून दूरही ठेवले. जाळ्यातील वाडाही तसाच दुधारी आहे. पाठी पुरेसा रुंद नसलेल्या तारेवर कोणाचे पत्र आधी जावे आणि कोणाचे थांबावे, हे प्राधान्याचे आकडे ठरवितात. शाळेतील मुलांचा धडा अडखळत यावा आणि दुसऱ्या कोणाचे चलच्चित्र अखंड धावावे, किंवा याच्या उलट व्हावे, हे निसर्गाने ठरलेले नसते. कोणीतरी तसे लिहिलेले असते. ज्याने लिहिले त्याच्या मनात कदाचित कोणताही वाईट हेतू नसेल. त्याला कोणी काही सांगितले नाही, म्हणून त्याने जे सोयीचे ते केले असेल. म्हणून सांगणे हे गावाचे काम आहे.

यासाठी प्रत्येकाने स्विचची भाषा शिकावी असे नाही. विहिरीचे पाणी स्वच्छ आहे का हे विचारण्यासाठी रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. चार प्रश्न पुरेत. आमच्या कचेरीच्या पेटीत किती वाडे आहेत आणि कोणता कोणाचा? कारखान्यातील परवलीचे शब्द बदलले आहेत काय? मांडणीची प्रत कोठे ठेवली आहे? आणि ती सांभाळणारा माणूस उद्या आला नाही, तर किल्ली दुसऱ्या कोणाकडे आहे? या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून, तो कागद पाकिटात बंद करून, सही-शिक्क्यानिशी कचेरीच्या तिजोरीत ठेवावा. यास खर्च काही नाही. ग्रामसभेत हे प्रश्न एकदा विचारले गेले, की पुढच्या वेळी उत्तर तयार ठेवण्याची सवय आपोआप लागते.

१९७३ साली एका तारेवर सगळे मिळून बोलू लागले तेव्हा विश्वास ऐकणाऱ्याच्या सज्जनपणावर होता. १९९८ साली प्रमाण ठरले तेव्हा तो विश्वास एका शिक्क्यावर ठेवण्यात आला. पण शिक्का मारणारा हातही माणसाचाच. सिंकॉस्की यांनी झाडे अनेक केली ती कोंडी फोडण्यासाठी; त्यांतून गावोगावच्या दप्तरांना आडोसा मिळाला. तो आडोसा टिकविणे हे मात्र कोणत्याही शास्त्रज्ञाच्या हाती उरलेले नाही. ज्या गावाने आपल्या वाड्यांच्या सीमा शतकानुशतके तोंडी सांभाळल्या, त्या गावाला पेटीतील वाड्यांच्या सीमा कागदावर सांभाळणे जड जाऊ नये.